पेन्सिलच्या फुल्या

आमच्या घरात 'कर्ज' हा शब्द कधी कुणी वापरलाच नाही. लिमिट म्हणायचे. "लिमिट वाढवून घ्यायला पाहिजे", "लिमिट फुल आहे, आत्ता प्लेट उचलू नका", असं बाबा फोनवर बोलायचे आणि मला लहानपणी वाटायचं की लिमिट म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं काहीतरी असणार, फुल झालं की चांगलंच ना. मग बाबांचा चेहरा असा का होतो ते कळायचं नाही. फुल म्हणजे टाकी रिकामी झाली, हे कळायला बरीच वर्षं गेली.

बाबांचं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. १९९४ सालापासून. त्याआधी ते कोल्हापुरातच उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. आता टाक्या, पंपांच्या बेस फ्रेम, पाईपांचे सपोर्ट, प्लॅटफॉर्म असली कामं करतो आम्ही, वीसेक माणसं आहेत, आणि गेली बारा-तेरा वर्षं बँकेचं सगळं मी बघते. हे मी का लिहितेय तर मागच्या महिन्यात लिमिटचं रिन्युअल झालं आणि त्या निमित्तानं आईनं एक प्रश्न विचारला, तो डोक्यातून जातच नाहीये. पण त्याच्याआधी २००९ सालची एक दुपार सांगायला पाहिजे.

तेव्हा आमची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, ठरलेल्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे काढायचं बँकेतलं खातं, १५ लाखांची व्हायची होती. घर आईच्या नावावर, तिच्या वडिलांनी दिलेल्या पैशातून जागा घेतलेली, म्हणून सहीला ती पाहिजेच होती. मी तिला स्कूटरवरून बँकेत नेलं. ऑफिसरनं कागदांचा हा एवढा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि प्रत्येक पानावर जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवली होती. आई फुली बघायची, सही करायची, पान उलटायची. तिची सही मराठीत आहे, लांबलचक, शेवटच्या अक्षराला एक झोका असतो. दहाबारा पानांनंतर तो झोका जायला लागला तर ऑफिसर म्हणाले, वहिनी सही एकसारखी आली पाहिजे. मग ती परत नीट करायला लागली. मध्येच एकदा थांबून तिनं विचारलं, "ह्यात काय लिहिलंय?" आणि ते म्हणाले, "काही नाही वहिनी, फॉर्मॅलिटी असते."

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि करार कायदा आम्हाला शिकवून झालेला होता. १८७२ चा कायदा, कलम १२६ जामीन म्हणजे काय, कलम १२८ जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. तेवढीच! म्हणजे बँकेनं आधी बाबांकडून वसूल करून बघावं आणि नाही जमलं तर आईकडं यावं असं काही नाही, बँक सरळ आईकडं येऊ शकते. मला हे परीक्षेपुरतं पाठ होतं. पण समोर बसलेली आई सही करतेय आणि ते कलम हेच, हे त्या वेळी मला सुचलं की नाही ते आठवत नाही, सुचलं असलं तरी मी बोलले नाही, एवढं नक्की.

बाहेरच्या माणसाला वाटतं की धंद्याला कर्ज लागतं म्हणजे मशीन घ्यायला. मशीनचं कर्ज सोपं असतं हो. हप्ता ठरलेला, मशीन डोळ्यासमोर, पाच वर्षांत फिटतं. सीसी वेगळी. सीसी लागते ती दिवसांसाठी. साधं उदाहरण सांगते. आज लोखंडाची प्लेट आणली. व्यापारी ओळखीचा असला तरी त्याचे दोन रेट असतात, रोखीचा एक आणि उधारीचा एक, आणि उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात ते लोखंडाइतकं कुठंच खरं नसेल. म्हणून आम्ही शक्यतो रोखीनं उचलतो, "ताई पैसे टाका, गाडी सोडतो" असा त्याचा फोन येतो. मग कटिंग, रोलिंग, वेल्डिंग, पेंट, त्याचे तीस दिवस. कस्टमरचा माणूस इन्स्पेक्शनला येईपर्यंत अजून दहा. माल गेला, बिल गेलं, की तिथून त्यांचे साठ दिवस सुरू, आणि ते साठ आपल्या बिलाच्या तारखेपासून नाहीत तर त्यांच्या सिस्टिमला बिल बुक झाल्यापासून. शंभर दिवस आरामात होतात. ह्या शंभर दिवसांत पगार तीनदा होतो, लाईटबिल तीनदा येतं आणि बिल फाडलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला १८% जीएसटीचा हिशोब सरकारला द्यायचा असतो, कस्टमरनं पैसे दिले असोत की नसोत. प्लेटवर भरलेला वजा होतो हे खरं, पण मजुरीचा जो भाग आहे त्याच्यावरचा आपल्याच खिशातून, म्हणजे परत लिमिटमधूनच.

तर हे शंभर दिवस आम्ही बँकेकडून विकत घेतो. व्याज म्हणजे त्याची किंमत. आणि नीट बघितलं तर ते दिवस आमचे नाहीतच, कस्टमरचे आहेत. माल त्याच्या प्लांटला लागला, वापरात आला, आणि त्याचे पैसे जायचेत तोपर्यंत बँकेला व्याज कोण देतंय, तर गोकुळ शिरगावातलं शेड. आम्ही बँकेकडून घेऊन आमच्यापेक्षा शंभरपट मोठ्या कंपनीला उसने देतो, बिनव्याजी. आणि त्या उसन्याला जामीन आहे माझी आई. हे वाक्य मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये एकटीच होते आणि खूप वेळ तशीच बसून राहिले.

लिमिट किती द्यायची ह्याची रीत आहे. १९७० च्या दशकात टंडन कमिटी झाली, तिनं बँकांना सांगितलं की नुसतं तारण बघून देऊ नका, धंद्याला खेळतं भांडवल खरंच किती लागतं ते मोजा. नंतर १९९० च्या दशकात नायक कमिटीनं लहान उद्योगांसाठी ते सोपं केलं, वर्षाच्या अंदाजे विक्रीच्या २०% बँकेनं द्यायचे आणि ५% धंदेवाल्यानं स्वतःचे घालायचे. आमची विक्री दोन कोटी धरली तर ४० लाख बँकेचे, १० लाख आमचे. आज आमची लिमिट ४० लाखच आहे. ह्या हिशोबात पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं गृहीत धरलंय, म्हणजे दर तीन महिन्याला एकदा. तुमचा कस्टमर पाच महिने लावत असेल तर सूत्र कागदावर बरोबर आणि शेडमध्ये तोकडं.

पण ४० लाख सँक्शन आहेत म्हणजे ४० लाख काढता येतात असंही नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं. शेडमध्ये किती माल पडलाय, कुणाकडून किती यायचंय, कुणाला किती द्यायचंय. त्याच्यावरून ड्रॉइंग पॉवर निघते. समजा माल २४ लाखांचा, त्यातले ८ लाख व्यापाऱ्याचे द्यायचेत, राहिले १६, त्यातून २५% मार्जिन, म्हणजे आपण स्वतः घालायचा वाटा, वजा, १२ लाख. येणं ३० लाख, त्यावर ४० टक्के मार्जिन, १८ लाख. म्हणजे तुम्ही ३० लाखांपर्यंतच काढू शकता. आणि जे बिल ९० दिवसांपेक्षा जुनं झालं ते ह्या हिशोबातून बाहेर. शून्य. एका वर्षी आमचं १४ लाखांचं एक बिल असं अडकलेलं, कस्टमर देत नव्हता आणि एक्याण्णवाव्या दिवशी बँकेच्या लेखी ते बिल राहिलंच नाही. ज्या महिन्यात पैशाची सगळ्यात जास्त गरज त्याच महिन्यात लिमिट आकसली. बँकेची चूक म्हणता येणार नाही, जुनं येणं बुडण्याची शक्यता जास्त असते, तिच्याकडं लोकांच्या ठेवी आहेत. मला पटतं ते. पण त्या महिन्यात पगार दोन हप्त्यांत केला, मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी नुसतं पाकीट घेऊन खिशात घातलं, मोजलं नाही. ते न मोजणं मला अजून टोचतं.

(स्टॉक फुगवून दाखवणारे आहेत. "सगळेच करतात" असं मला दोघातिघांनी सांगितलंय. बाबांनी कधी केलं नाही आणि मीही करणार नाही, कारण फुगवलेल्या आकड्याखाली सही असते आणि त्या सहीमागं घर असतं.)

शेडच्या दारावर एक पाटी आहे, इथला माल आणि यंत्रं बँकेकडं नजरगहाण आहेत. हा शब्द मला फार आवडतो. गहाण म्हणजे वस्तू सावकाराच्या ताब्यात गेली. तारण म्हणजे बोजा चढला. आणि नजरगहाण म्हणजे वस्तू तुमच्याकडंच, वापरा, कापा, वेल्ड करा, विका, पण त्याच्यावर नजर आमची. इंग्रजीतला हायपोथिकेशन शब्द कुणालाही समजावून सांगायला लागतो, नजरगहाण सांगायला लागत नाही. घराचं मात्र तसं नाही. त्याचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत आहेत २००९ पासून, आणि आई अजून कधीकधी कपाटातली ती रिकामी फाईल पुसून ठेवते.

आता गॅरंटीचं सांगते कारण लोकांना कर्ज कळतं, बँक गॅरंटी कळत नाही. त्यात बँक पैसे देत नाही. बँक शब्द देते. तुमच्या कस्टमरला लिहून देते की ह्यांनी काम नीट नाही केलं तर तुम्ही मागितल्याबरोबर, कोणतीही हरकत न घेता, आम्ही एवढी रक्कम देऊ. 'कोणतीही हरकत न घेता' हे शब्द महत्त्वाचे. कस्टमरनं गॅरंटी वटवायला टाकली तर तुमचं म्हणणं काय, काम झालं होतं की नाही, हे बँक विचारणार नाही, आणि कोर्टही सहसा थांबवत नाही, ढळढळीत फसवणूक असेल किंवा कधीच भरून न येणारं नुकसान होणार असेल तरच. सुप्रीम कोर्टानं हे वारंवार सांगितलंय, कारण बँकेच्या शब्दावरच विश्वास राहिला नाही तर व्यापार चालणार कसा. मग बँक ते पैसे तुमच्या खात्यावर टाकते आणि तुमच्या मागं लागते. म्हणजे कस्टमरला जामीन बँक, आणि बँकेला जामीन परत आई.

२०१९ साली एका मोठ्या कंपनीची ६० लाखांची टाक्यांची ऑर्डर मिळाली. आनंद झाला, पेढे वाटले. १०% ॲडव्हान्स म्हणजे ६ लाख मिळणार होते, पण त्याच्यासाठी ६ लाखांची ॲडव्हान्स गॅरंटी द्यायची आणि वर ६ लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी. बारा लाखांच्या गॅरंटीला बँकेनं २५% मार्जिन मागितलं, म्हणजे ३ लाखांची एफडी करायची आणि ती बँकेकडं अडकवून ठेवायची, वर कमिशन वेगळं. म्हणजे हातात आलेल्या ६ लाखांतले ३ लाख त्याच दिवशी परत बँकेत. बाबा म्हणाले, "म्हणजे ॲडव्हान्स तीनच आला म्हण की." ते एका वाक्यात बोलले ते मला एक्सेलमध्ये मांडायला अर्धा तास लागला होता.

माल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेला. ॲडव्हान्सची गॅरंटी बिलांबरोबर संपली, तिची एफडी सुटली. परफॉर्मन्सची मुदत, प्लांट सुरू झाल्यापासून बारा महिने किंवा सप्लायपासून अठरा महिने, जे आधी होईल ते. म्हणजे फार तर मे २०२१. मध्ये कोविड आला. आणि मुदत संपायला सहा दिवस असताना बँकेत त्या कंपनीचं पत्र, गॅरंटी वाढवा नाहीतर पैसे द्या. ह्या पत्राला लाईनमध्ये सरळ 'एक्स्टेंड ऑर पे' म्हणतात, सगळ्यांना माहीत असतं. आमच्या टाक्यांत काही दोष नव्हता. एकही तक्रार नव्हती. फक्त कम्प्लिशन सर्टिफिकेटवर ज्या इंजिनिअरची सही पाहिजे त्यांची बदली झालेली आणि नवीन आलेले म्हणत होते मी कामच बघितलं नाही तर सही कशी करू. वाढवली. पुढच्या वर्षी परत वाढवली. दर वेळी कमिशन, दर वेळी दीड लाखाची एफडी तशीच. एफडीला व्याज मिळतं, नाही असं नाही, पण सीसीला त्याच्यापेक्षा जास्त भरत असतो आपण.

मुदत संपली की आपोआप सुटतं असंही समजू नका. मुदतीनंतर क्लेम पिरियड असतो, कस्टमरला बँकेकडं पैसे मागायला दिलेले जास्तीचे दिवस. करार कायद्याच्या कलम २८ मध्ये २०१३ साली बदल झाला, त्याचा अर्थ बऱ्याच बँका असा लावत होत्या की क्लेम पिरियड कमीत कमी एक वर्षाचा ठेवायलाच पाहिजे, २०२१ साली दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की तसं बंधन नाही. पण तुमच्या गॅरंटीच्या कागदावर जे छापलंय ते छापलंय. म्हणून सगळ्यात खात्रीचा मार्ग एकच, मूळ प्रत परत आणून बँकेत द्यायची. ती मूळ प्रत आम्हाला फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. मी स्वतः गेले होते आणायला. फाईलमधून काढताना त्या बाईंनी पिन ओढली, कागदाला गंज लागलेला पिनच्या जागी. सव्वातीन वर्षं. सहा लाखांचा तो कागद मी पर्समध्ये न ठेवता हातात धरून आणला, एसटीत पण हातातच.

हे सगळं नवीन नाही. कॅश क्रेडिटचं मूळ स्कॉटलंडमध्ये आहे, १७२८ साली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडनं एडिंबरोच्या एका व्यापाऱ्याला खात्यात असतील त्यापेक्षा हजार पौंडांपर्यंत जास्त काढायची मुभा दिली, तिथून ते सुरू झालं. पुढं ॲडम स्मिथनं १७७६ साली ह्या पद्धतीचं वर्णन केलंय, आणि त्यात अट अशी की पत असलेली, जमीनजुमला असलेली दोन माणसं जामीन पाहिजेत. वाचताना मला आधी गंमत वाटली आणि मग नाही वाटली. जवळजवळ तीनशे वर्षं झाली, स्टेटमेंट ऑनलाईन गेलं, गॅरंटीसुद्धा आता ई-गॅरंटी निघते, आणि माणूस अजून तसाच लागतो जामिनाला. आपल्याकडं ते माणूस बहुतेक वेळा बायको असते, आई असते. तिला धंद्यात मत नसतं. तिला नफ्यातला वाटा वेगळा मिळत नाही. सही मात्र तिची, आणि तिला काय सांगायचं तर फॉर्मॅलिटी.

ह्याच्यावर उपाय नाहीत असं नाही. २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची बँक, ह्यांनी मिळून सीजीटीएमएसई नावाचा ट्रस्ट काढला, तो लहान उद्योगांच्या कर्जाची हमी बँकेला देतो, म्हणजे घरदार तारण न ठेवता आणि तिसऱ्या माणसाची जामीन न घेता कर्ज देता यावं. २०२३ च्या एप्रिलपासून त्याची मर्यादा ५ कोटी झाली, २०२५ च्या एप्रिलपासून १० कोटी. बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे की कर्ज बुडालं तर सरकार भरतं. तसं अजिबात नाही, हमी बँकेला आहे, तुमचं देणं तुमच्या डोक्यावर राहतंच. पण आईचं घर त्यातून बाहेर राहू शकतं, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. मी बँकेत विचारलं तर उत्तर आलं, तुमचं तारण आधीच आहे की, मग कशाला. आणि त्यावर वर्षाची फी लागते. फी लागू दे ना. मी ती द्यायला तयार आहे.

दुसरं म्हणजे कस्टमरचे दिवस. २००६ च्या कायद्यात आहे, सूक्ष्म आणि लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. कागदावर इतका जोरदार कायदा की वाचून छाती फुगते. पण कस्टमरकडं तिप्पट व्याज मागायचं आणि पुढची ऑर्डर पण मागायची, हे एका तोंडानं जमत नाही. आम्ही आजपर्यंत एकदाही मागितलेलं नाही. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये आलं की ह्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च धरायला मिळणार नाही, त्या मार्चमध्ये मात्र फरक पडला, दोन कस्टमरचे फोन आपणहून आले की तुमचा उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडं असलेला नोंदणी नंबर, पाठवा. आणि ट्रेड्स आहे, आपलं बिल त्या प्लॅटफॉर्मवर टाकायचं, कस्टमरनं मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि आपल्याला दोनचार दिवसांत पैसे. व्याजाचा दर कस्टमरच्या पतीवर ठरतो, आणि उद्या कस्टमरनं बँकेला दिले नाहीत तर बँक आपल्याकडं येत नाही. मला वाटतं खरा न्याय ह्यात आहे, दिवस ज्याचे पत त्याची. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी केली म्हणजे तुमचं बिल मान्य करतीलच असं कुठं लिहिलेलं नाही. आमच्या एका कस्टमरनं केलं. पहिल्यांदा पैसे पाचव्या दिवशी आले तेव्हा बाबांनी मला दोनदा विचारलं की नक्की आपल्याच खात्यात आलेत ना.

तर मागच्या महिन्यातलं रिन्युअल. ह्या वेळी मी कागद आठ दिवस आधी मागून घेतले आणि झेरॉक्स काढून आईपुढं ठेवले. ती आता एकाहत्तर वर्षांची आहे. इंग्रजी तिला वाचता येतं, हळू. भिंग घेऊन तीन दिवस दुपारी बसली होती, अडलं तिथं मला विचारायची आणि समासात मराठीत लिहायची. बँकेत गेलो, तेच टेबल, ऑफिसर नवीन, तरुण मुलगा, फुल्या मारून तयार. आई म्हणाली, "साहेब, ह्यात लिहिलंय ही जामीन सतत चालू राहणारी आहे. म्हणजे मी गेल्यावर काय?"

तो थांबला. कायदा असा आहे की चालू जामीन देणारा माणूस वारला तर पुढच्या व्यवहारांपुरती ती संपते, कलम १३१, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आमच्या कागदात वेगळं लिहिलेलं होतं. पान अकरा, वारसांवर बंधनकारक. त्या मुलानं ते पान काढलं, वाचलं, पूर्ण वाचलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक वाटलं, तो 'फॉर्मॅलिटी' म्हणाला नाही. म्हणाला, "आजी, तुमच्यानंतर तुमच्या मुलीवर येतं. वारशात जेवढं मिळेल तेवढ्यापुरतं, पण येतं."

आई माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली, मला माहीत होतं. तिनं विचारलं की ते घर सोडवून त्या सरकारी हमीवर टाकायचं म्हणतेस त्याचा अर्ज दिलास का. दिलाय, म्हटलं, ह्याच फाईलला लावलाय. मग तिनं त्या मुलाला अर्जाची पोच मागितली, शिक्का आणि तारखेसकट, आणि ती हातात आल्यावर पर्समधून चष्मा काढला आणि पहिल्या फुलीपाशी सही केली, शेवटच्या अक्षराच्या झोक्यासकट.